क्रूझ सुटतोय? पार्ट बदलण्याआधी नकार कुठून येतोय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. क्रूझ कंट्रोलचं, म्हणजे पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणाऱ्या सोयीचं, मुख्य बटण दाबलं की मीटरमध्ये दिवा लागतो. सेट दाबल्यावर वेग कधी धरला जातो, कधी नाही. धरलाच तर पाच-दहा मिनिटांत, आणि खराब रस्त्यावर हमखास, आपोआप सुटतो. इंजिनचा, एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला नाही. एकाने स्टिअरिंगवरची बटणं बदला म्हणून सांगितलंय, दुसऱ्याने क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगच्या आतली गुंडाळलेली वायर). ऐकायचं कोणाचं?

सध्या दोघांचंही ऐकू नका. तुमच्या वर्णनात बटणांकडे किंवा क्लॉक स्प्रिंगकडे बोट दाखवणारी एकही ठोस खूण मला दिसत नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरच्या स्विचकडे बोट दाखवणाऱ्या मात्र दोन आहेत. हे दोन्ही स्विच बटणांच्या किंवा क्लॉक स्प्रिंगच्या मानाने बरेच स्वस्त असतात आणि तपासायला स्टिअरिंग खोलावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायची.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळत जाईल. तुमच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला केबल नाही. पेडलखाली सेन्सर आहे, तो किती दाबलंय ते ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवतो, आणि ईसीएम छोट्या मोटरने थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, पाकळी उघडतो. अशा गाडीत ‘क्रूझ’ नावाचं वेगळं यंत्र नसतं. पाय उचलल्यावर तीच मोटर, तीच पाकळी, तोच ईसीएम वेग धरून ठेवतो. पायाने चालवताना गाडी नीट ओढत असेल, तर हे सगळं ठीक आहे असं धरून चालायला हरकत नाही. उरते ती ईसीएमकडे येणारी माहिती: बटण कोणतं दाबलं, गाडीचा वेग किती, ब्रेक दाबलाय का, क्लच दाबलाय का, एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल निरोगी आहेत का. यातल्या एकाही ठिकाणाहून शंकास्पद खबर आली, मग ती सेकंदाच्या दहाव्या भागापुरती का असेना, की ईसीएम क्रूझ सोडून देतो. तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. चुकून सुटलेला क्रूझ म्हणजे फक्त गैरसोय. न सुटणारा क्रूझ म्हणजे जीवाशी खेळ. त्यामुळे क्रूझच्या तक्रारीत ‘काय मेलंय’ हे विचारून फारसं हाती लागत नाही. ‘नकार कोण देतंय’ हे विचारावं लागतं.

हत्यारं काढण्यापूर्वी दोन मिनिटं साध्या गोष्टींना द्या. बहुतेक गाड्यांत साधारण ताशी ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ सेटच होत नाही. ज्या गाड्यांत स्पीड लिमिटरही (ठरवलेल्या वेगापुढे जाऊ न देणारी सोय) असतो, तिथे लोक लिमिटर चालू करून क्रूझची वाट पाहत बसतात. मीटरमधली दोन्ही चिन्हं दिसायला जवळजवळ सारखी असतात. काही गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं, किंवा फोर व्हील ड्राइव्हची लो रेंज लावली, की क्रूझ मिळत नाही. तुमच्या बाबतीत यातलं काही असण्याची शक्यता कमी, कारण तुमचा क्रूझ अधूनमधून धरतो. तरी खात्री करून घ्या.

आता त्या दोन खुणा. पहिली, मुख्य बटणाचा दिवा न चुकता लागतो. म्हणजे बटणाचा संदेश स्टिअरिंगमधून, क्लॉक स्प्रिंगमधून, ईसीएमपर्यंत पोचतोय. दुसरी, खड्ड्यांत सुटतो. खड्ड्यात हादरतं काय? पेडल, त्याच्या वर बसवलेले स्विच, त्यांचे कपलर (वायरींचे जोड) आणि चाकांजवळच्या वायरी. बटणांच्या आतले संपर्क झिजले असते तर त्रास फक्त सेट होताना झाला असता; एकदा धरलेला वेग बटण खराब झाल्यामुळे सुटणं क्वचितच घडतं.

ब्रेक स्विचपाशी जरा थांबतो, कारण क्रूझच्या सर्वाधिक तक्रारी मला इथेच सापडल्या आहेत. पेडलच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, हाताच्या अंगठ्याएवढा स्विच असतो. पेडल वर असताना त्याची दांडी आत दाबलेली राहते. पेडल दाबलं की दांडी बाहेर येते. आत दोन स्वतंत्र संपर्क असतात. एक पेडल दाबल्यावर जोडला जातो आणि मागचे दिवे लावतो. दुसरा उलटा, पेडल दाबल्यावर तुटतो, आणि तो बहुधा फक्त ईसीएमसाठी असतो. ईसीएम दोन्हींची कायम ताळमेळ तपासणी करतो. एक म्हणतोय ‘दाबलं’ आणि दुसरा म्हणतोय ‘नाही दाबलं’, अशी विसंगती दिसली की क्रूझ बंद. मागचे दिवे नीट लागतात म्हणून ब्रेक स्विच चांगला, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे. दिव्यांनी अर्ध्या स्विचचीच साक्ष दिलेली असते. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण याच चुकीमुळे लोक चांगली बटणं, चांगली क्लॉक स्प्रिंग बदलून बसतात.

पहिली तपासणी डोळ्यांनी करा. टॉर्च घेऊन पेडलखाली वाकून बघा. स्विचची दांडी पेडलच्या पट्टीवर जिथे टेकते, तिथे बऱ्याच गाड्यांत रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी टिकली एका भोकात बसवलेली असते. काही वर्षांनी ती कडक होते आणि तुकडे होऊन पडते. मग दांडी त्या भोकातून आरपार जाते आणि गाडीला वाटतं, ब्रेक कायम दाबलेला आहे: मागचे दिवे बंदच होत नाहीत, बॅटरी उतरते, क्रूझ अजिबात लागत नाही. टिकली पूर्ण तुटण्याआधी मात्र ती झिजलेली, तडकलेली असते, आणि तेव्हा लक्षणं नेमकी तुमच्यासारखी दिसतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मालक तीन महिने हैराण होता. पायाखालच्या मॅटवर मला टिकलीचे भुगा झालेले दोन तुकडे मिळाले आणि निदान तिथेच झालं. तुम्हीही आधी मॅट उचलून बघा.

दुसरी तपासणी रस्त्यावर, आणि तिला काहीच लागत नाही. ओळखीच्या कोणाला तरी सुरक्षित अंतर ठेवून तुमच्या मागून गाडी चालवायला सांगा. क्रूझ आपोआप सुटतो त्या क्षणी तुमचे ब्रेकचे दिवे लुकलुकले का, एवढंच त्याने पाहायचं. लुकलुकले, तर दिव्यांचा संपर्क हादऱ्याने जोडला जातोय. स्विचची जागा सरकलीय किंवा टिकली गेलीय. लुकलुकले नाहीत, तरी स्विच निर्दोष ठरत नाही. दुसरा संपर्क एकटाच तुटत असू शकतो. त्यासाठी स्कॅनर लागेल.

फक्त बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर इथे अपुरा पडतो. लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर आणि स्विचची त्या क्षणाची स्थिती, दाखवणारा हवा. आधी साठवलेले आणि प्रलंबित, दोन्ही प्रकारचे कोड वाचा. इंजिनचा दिवा लागलेला नाही म्हणून कोड नाही, असं नसतं. क्रूझशी संबंधित कित्येक कोड दिवा न लावताच साठवले जातात. ब्रेक स्विचसाठी पी०५७१, पी०५७२, पी०५७३ आणि पी०७०३ पाहा. पी०५०४ मिळाला तर दोन संपर्कांचा ताळमेळ बसत नाही, हे ईसीएमने स्वतःच सांगितलं. क्लच स्विचसाठी पी०७०४ किंवा पी०८३०. वेगाच्या संदेशासाठी पी०५००. स्टिअरिंगवरच्या बटणांसाठी पी०५६४ ते पी०५७० आणि पी०५७५ ते पी०५८१ या पट्ट्यातले कोड येतात. काही कंपन्यांचे स्कॅनर तर क्रूझ शेवटच्या काही वेळा कोणत्या कारणाने सुटला याची नोंदच दाखवतात. तुमच्या गाडीत ती सोय असेल तर पुढची अर्धी मेहनत वाचली.

मग इग्निशन चालू ठेवून लाइव्ह डेटामध्ये ब्रेकच्या दोन्ही ओळी उघडा. पेडल अगदी सावकाश दाबा. दोन्ही ओळी जवळजवळ एकाच वेळी बदलायला हव्यात, आणि पेडल थोडंसं हलताच. आता पेडल न दाबता त्याची पट्टी डावी-उजवीकडे हलवा, स्विच बोटाने हलवा, कपलरच्या वायरी हलक्या ओढा. एकही ओळ लुकलुकता कामा नये. लुकलुकली, तर नकार देणारा सापडला.

स्कॅनर नसेल तर मल्टिमीटरवरही काम होतं. नेहमीच्या जोडणीत पेडल सोडलेलं असताना दिव्यांच्या संपर्कावर एका बाजूला बॅटरीचं व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला शून्य मिळतं. दाबल्यावर दोन्हीकडे व्होल्टेज. दुसऱ्या संपर्कावर नेमकं उलटं. ही जोडणी गाडीगणिक बदलते, म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंग नकाशा समोर ठेवा. जोडलेल्या संपर्काच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त मिळाला, तर आत कार्बन धरलाय. असा स्विच दिवे लावेल, पण ईसीएमला अर्धवट संदेश देत राहील.

स्विच बदलताना एक खबरदारी घ्या. पुष्कळ स्विचमध्ये दांडीची लांबी बसवतानाच आपोआप जुळते, आणि ती एकदाच जुळते. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमानेच बसवा. काहींत आधी पेडल दाबून स्विच आत सरकवायचा आणि मग पेडल हाताने वर ओढायचं असतं, काहींत स्विच फिरवून लॉक करायचा असतो. क्रम चुकला तर नवा स्विचही पहिल्याच दिवशी जुन्यासारखा वागतो, आणि मग ‘पार्ट खराब निघाला’ म्हणून दुसरा आणला जातो.

क्लचचा स्विच याच धाटणीचा. त्यात भर पडते ती चालवण्याच्या सवयीची. लांबच्या प्रवासात डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणारे खूप आहेत. खड्ड्यात तो पाय पेडल चिमूटभर दाबतो, स्विच उघडतो, क्रूझ सुटतो. पुढच्या फेरीत पाय जाणीवपूर्वक बाजूच्या फूटरेस्टवर ठेवा आणि फरक पडतो का बघा. पाय बाजूला असूनही सुटत असेल तर क्लचचं पेडल पूर्ण वर येतंय का ते पायाच्या बोटाने उचलून बघा. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडर दमला, तेल कमी झालं किंवा हवा शिरली तर पेडल थोडं खाली राहतं. तिथे स्विच बदलणं व्यर्थ. दुखणं क्लचचं आहे.

मागचे बल्बही या साखळीत येतात. काही जुन्या गाड्यांत क्रूझचं युनिट ब्रेकच्या दिव्यांच्या फिलामेंटमधून अर्थिंग घेतं. सगळे बल्ब गेले, किंवा साध्या बल्बच्या जागी कोणी एलईडी लावले, की त्या वायरीवरचं अर्थिंग युनिटला हवं तसं मिळत नाही आणि क्रूझ बंद पडतो. तुमच्या गाडीत अलीकडे मागचे बल्ब बदलले असतील, तर चाचणीपुरते मूळ प्रकारचे लावून बघा.

ब्रेकचे स्विच स्वच्छ निघाले, तर मी चाकांकडे वळेन. सरळ, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग पाहा, पण स्क्रीन शेजारी बसलेल्याने पाहायची, चालवणाऱ्याने नाही. चारही आकडे हातात हात घालून चालले पाहिजेत. एखादा क्षणभर शून्यावर पडत असेल किंवा उड्या मारत असेल, तर त्या चाकाचा सेन्सर, त्याची घासलेली वायर, सेन्सरखालच्या दात्यांच्या रिंगवरचा गंज, किंवा बेअरिंगमध्ये बसवलेल्या चुंबकीय रिंगवर चिकटलेला लोखंडाचा भुगा तपासा. बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर जास्तच संशय घ्या: चुंबकीय रिंग असलेलं बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. चार टायर वेगवेगळ्या मापाचे असले, तरीही आकडे फटकून चालतात.

बटणं आणि क्लॉक स्प्रिंगवर माझा संशय केव्हा जाईल? हॉर्न मध्येच वाजेनासा झाला, स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणं दगा देऊ लागली, एअरबॅगचा दिवा लागला, किंवा क्रूझ फक्त वळणावर सुटू लागला, तर. क्लॉक स्प्रिंग म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी वायर. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग, सगळ्यांचे धागे तिच्यातून जातात. तिची परीक्षा सोपी आहे. गाडी उभी, लाइव्ह डेटावर बटणांची ओळ. रिझ्यूमचं (सुटलेला वेग परत धरायचं) बटण दाबून धरा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच बटण ‘सोडलेलं’ दिसलं, तर वायर आत तुटत आलीय. स्टिअरिंग सरळ असतानाही एकच बटण ओळखलं जात नसेल आणि बाकीची ठीक असतील, तर दोष बटणांच्या संचात आहे. अनेक गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर असतो आणि ईसीएम एकाच वायरवरच्या व्होल्टेजवरून बटण ओळखतो. संपर्क मळला की व्होल्टेज सरकतं आणि सेटच्या जागी भलतंच काही वाचलं जातं.

स्टिअरिंग खोलायची वेळ आलीच, तर एअरबॅगचा मान ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि कंपनीने सांगितलेली मिनिटं मोजून थांबा, कारण एअरबॅगचं मॉड्यूल थोडा काळ चार्ज राखून असतं. एअरबॅगच्या कपलरला ओहममीटर कधीही लावू नका. मीटरचा क्षीण करंटही तिथे नको. पुढची चाकं सरळ ठेवा. नव्या क्लॉक स्प्रिंगची लॉकची पिन ती जागेवर बसेपर्यंत काढू नका. मध्यबिंदू चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणात वायर ताणून तुटते.

तक्रार ‘सुटतो’ अशी नसून ‘वेग वरखाली होतो’ अशी असती, तर मी वेगळ्या वाटेने गेलो असतो: थ्रॉटल बॉडीत साठलेला कार्बन, इनटेकमध्ये कुठेतरी ओढली जाणारी हवा, सरकणारा क्लच. थ्रॉटल साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडलची (उभ्या गाडीत इंजिन मंद चालण्याची) नवी शिकवणी ईसीएमला द्यावी लागते, नाहीतर उलट जास्त हिसके बसतात. चढावर वेग ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पडला की कित्येक गाड्या क्रूझ स्वतःच सोडतात, आणि तो बिघाड नाही. गिअर खाली घ्यायला हवा होता.

केबल आणि व्हॅक्यूमवरच्या जुन्या गाड्यांसाठी थोडक्यात. राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेतून आलेला क्रूझ १९५८ साली क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत विक्रीला आला, आणि नंतरच्या कित्येक दशकांतल्या गाड्यांत व्हॅक्यूमवर फुगणारा-आकसणारा पडदा थ्रॉटलची केबल ओढत असे. तिथे तडकलेले रबरी पाइप, गळका पडदा, निकामी चेक व्हॉल्व्ह आणि पेडलजवळचा हवा सोडणारा व्हॉल्व्ह हे नेहमीचे गुन्हेगार. हातपंपाने व्हॅक्यूम द्या आणि सुई स्थिर राहते का बघा. केबलमध्ये ढिलाई जास्त असेल तर सेट करताच वेग आधी पडतो.

त्या काळातल्या काही गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालणारा क्रूझचा स्विच असे. त्यातला पातळ पडदा फाटून तेल विजेच्या संपर्कांपर्यंत पोचलं आणि उभ्या गाड्यांनाही आगी लागल्या; त्यासाठी फोर्डने २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक कोटीहून जास्त गाड्या परत बोलावल्या. मास्टर सिलिंडरजवळच्या कोणत्याही स्विचच्या कपलरमध्ये तेल दिसलं, तर गाडी लगेच थांबवा आणि दुरुस्त होईपर्यंत बॅटरी काढून ठेवा.

पुढच्या गाडीशी अंतर राखणारा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ असेल, तर वरच्या सगळ्या गोष्टींत रडार आणि कॅमेरा यांची भर पडते. ७६-७७ गिगाहर्ट्झवर चालणारं रडार चिखल, बर्फ, स्टिकर, एवढंच काय, बंपरवर चढवलेल्या पुट्टीच्या आणि रंगाच्या जाड थरानेही आंधळं होतं. बंपर काढला, पुढून ठोकर बसली किंवा पुढची काच बदलली, की कॅलिब्रेशन (त्यांची दिशा पुन्हा अचूक जुळवणं) करावंच लागतं. रडार एक अंश जरी तिरकं बसलं तरी १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळपास अर्धी लेन. कॅलिब्रेशनच्या आधी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. मागची चाकं वाकडी ढकलत असतील तर रडारही त्या वाकड्या रेषेलाच सरळ मानेल.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. ब्रेक किंवा क्लचच्या स्विचच्या वायरी एकमेकांना जोडून ‘आता क्रूझ सुटणार नाही’ असा जुगाड देणारे भेटतात. क्लचचा स्विच असा बंद केला आणि क्रूझवर क्लच दाबला, तर वेग पडू नये म्हणून ईसीएम थ्रॉटल उघडतो आणि मोकळं झालेलं इंजिन किंचाळत लाल रेषेकडे धावतं. ब्रेकच्या बाबतीत काय होईल ते मी लिहायची गरज नाही. असं जोडकाम कोणी आधीच करून ठेवलेलं असेल, तर बाकी काही करण्याआधी ते सोडवा.

तेव्हा तुमचा क्रम: मॅट आणि टिकली, फूटरेस्टवर पाय ठेवून एक फेरी, मागून दिवे पाहणारा माणूस, मग लाइव्ह डेटावर ब्रेक आणि क्लचच्या ओळी. दुरुस्तीनंतर कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या आसपास सेट करा आणि सर्वांत आधी तो सुटतो का ते तपासा: ब्रेकचं पेडल फक्त स्पर्शापुरतं दाबून, नंतर क्लचने, नंतर कॅन्सलच्या बटणाने. तिन्ही वेळा लगेच सुटला, तर मग त्या खराब रस्त्यावर न्या. तिथेही पुन्हा आपोआप सुटला, तर त्या क्षणी लाइव्ह डेटातली कोणती ओळ बदलली ते लिहून पाठवा. पुढचं तिथून ठरवू.